पाणी दिसतं तिथून येत नसतं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात ‘आपापल्या कामातलं थोडं’ या विषयावर झालेल्या भाषणांपैकी एक)



सकाळपासून आपण डॉक्टरांना ऐकलं, बँकेतल्या मैत्रिणीला ऐकलं, शेतीत नवे प्रयोग करणाऱ्या मित्राला ऐकलं. आता माईक गॅरेजवाल्याच्या हातात आलाय. संयोजकांनी निरोप दिला होता की प्रत्येकानं आपल्या कामातलं असं काही सांगावं, जे ऐकणाऱ्याला घरी गेल्यावर उपयोगी पडेल. मी गेली तीस वर्षं गाड्यांच्या पत्र्याचं काम करतो, म्हणजे डेंटिंग, पेंटिंग आणि गंजकाम. इंजिनाचं बोलणारे पुष्कळ भेटतात, म्हणून मी ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते निवडलं. जुन्या व्हॅनमध्ये पावसाचं पाणी गळतं, ते कसं शोधायचं आणि कसं थांबवायचं.

हसू नका. या मांडवाबाहेर मी मघाशी मोजल्या, पाच ओम्नी उभ्या आहेत. त्यातल्या दोन शाळेची मुलं नेणाऱ्या आहेत. म्हणजे विषय आपल्यातल्याच कुणाच्या तरी नातवंडांच्या पायाखालचा आहे.

ही गाडी आपल्या पिढीची आहे. १९८४ साली ती ‘मारुती व्हॅन’ म्हणून आली, तेव्हा आपल्यातले बरेचजण शाळेतच होते. जपानच्या सुझुकी कॅरी या गाडीवरून ती घेतलेली. १९८८ मध्ये तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली, दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे, आणि आत जागाच जागा. पस्तीस वर्षं या गाडीनं भाजीपाला नेला, पेशंट नेले, वऱ्हाडं नेली, मुलं नेली. आता नवी मिळत नाही, पण जुनी सोडवतही नाही, कारण तेवढ्या पैशात तेवढ्या कामाची दुसरी गाडी नाही. म्हणून आपल्या पूर्णेसारख्या गावात ती अजून वीस-वीस वर्षांची होऊन फिरते आहे. आणि वीस वर्षांची कुठलीही गाडी, कुणीही बनवलेली, पावसात थोडीफार गळणारच. रबर म्हातारं होतं, पत्र्याच्या सांध्यातला मसाला तडकतो. यात बनवणाऱ्याचा दोष नाही, वयाचा आहे. युरोपात चाळीस-पन्नास वर्षांच्या फोक्सवॅगन व्हॅन हौसेनं जपणारे लोक आहेत, तेही हेच दुखणं घेऊन बसलेले असतात.

आता एका गाडीची गोष्ट सांगतो. गाडी आपल्याच वर्गातल्या एका मित्राची. तो इथं बसलाय. गोष्ट सांगायला त्यानं परवानगी दिली, नाव सांगायला नाही. तेव्हा मान वळवून शोधू नका.

हा मित्र दहा वर्षं ओम्नीतून शाळेची मुलं नेतो. घर त्याच्यावरच चालतं. दोन पावसाळ्यांपूर्वी गाडीत मधल्या सीटसमोर, डाव्या बाजूला, पायाखालची मॅट ओली राहायला लागली. आधी थोडी, मग पिळून काढावी इतकी. दप्तरं खाली ठेवली की भिजायची. आत कुबट वास बसला. एका आईनं सांगितलं, मुलाला वासानं मळमळतं, मी दुसरी गाडी लावते. मग दुसरीनं सांगितलं. दोन मुलं गेली म्हणजे महिन्याच्या हिशोबाला दोन भोकं पडली.

त्यानं उपाय केले नाहीत असं नाही. पाणी सरकत्या दरवाज्याजवळ दिसतं, म्हणून एका ठिकाणी त्या दरवाज्याचं रबर बदललं. पाणी तसंच. दुसऱ्या ठिकाणी पुढच्या काचेभोवती बाहेरून सिलिकॉन फासलं. पाणी तसंच. तिसऱ्या ठिकाणी सांगितलं की पाणी खालून चाकांचं उडतंय, म्हणून गाडीच्या पोटाला सगळीकडून डांबरी लेप मारला. त्यानंतर पाणी वाढलं! माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, “गड्या, भंगारवाल्याशी बोलणं झालंय. तू फक्त एकदा बघ, म्हणजे मनाला खंत नको.”

मी त्याला आधी माळवदाची आठवण दिली.

आपल्यातले निम्मे लोक मातीच्या माळवदाखाली वाढलेत. आठवतं ना, माळवद गळायला लागलं की आजी काय म्हणायची? ठिबक चुलीपाशी पडतंय म्हणून चुलीच्या वर चढून माती टाकायला ती कुणाला पाठवत नसे. वर कुठंतरी उंदरानं बीळ केलेलं असतं, पाणी तिथून शिरतं, लाकडी किलचाच्या वरून चालत येतं, तुळईला धरून पुढं सरकतं आणि उताराला जिथं जागा सापडेल तिथं ठिबकतं. गळतं चुलीपाशी, बीळ असतं देवघरावर. मृग लागायच्या आत पांढरी माती टाकायची आणि पन्हळ मोकळी करायची, हे घरोघरीचं काम होतं. पन्हळीत चिमणीचं घरटं राहिलं तर सगळं माळवद तुंबायचं.

व्हॅन म्हणजे पत्र्याचं माळवदच समजा. तिचं छप्पर आहे, आत तुळया आहेत, खांब आहेत, दरवाज्याखाली उंबरा आहे आणि छताच्या कडेनं पन्हळही आहे. एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. पाणी दिसतं तिथून येत नसतं. दिसतं ती त्याच्या प्रवासाची शेवटची जागा असते.

आणि ते नेहमी खालीच जातं असंही नाही. शास्त्राच्या तासाला गुरुजींनी काचेच्या बारीक नळ्या रंगीत पाण्यात उभ्या केल्या होत्या आणि नळी जितकी बारीक तितकं पाणी वर चढतं हे दाखवलं होतं. केशाकर्षण. दिव्याची वात तेल वर ओढते तेही हेच. पत्र्याच्या दोन थरांमधली फट कागदाइतकी बारीक असली की पाणी तिच्यात आपोआप ओढलं जातं, आडवं चालतं, थोडं वरही चढतं. पत्र्याच्या खालच्या अंगाला चिकटून पाणी उलटं, पालीसारखं, हातभर चालत गेलेलं मी स्वतः बघितलंय. बोट फिरवून मोठं भोक शोधणाऱ्याला ते कधीच सापडत नाही.

म्हणून सिलिकॉनची नळी हातात घेण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. पाणी कसलं? पाणी कधी? गाडी कशी उभी?

पहिला प्रश्न, कसलं. आत आलेलं सगळंच पाणी पावसाचं नसतं. हिरवट किंवा गुलाबी, बोटाला चिकट, गोडसर वासाचं असेल तर ते इंजिन थंड ठेवणारं कूलंट आहे. ते विषारी असतं, चाखून बघायचं नाही, आणि लहान मुलांच्या गाडीत तर लगेच मेकॅनिक गाठायचा. कोरड्या उन्हाळ्याच्या दिवशी, एसी लावल्यावरच, पुढच्या माणसाच्या पायाशी स्वच्छ पाणी येत असेल तर ते एसीचं. हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं आणि बाहेर काढणारी नळी धुळीनं तुंबली की ते आत सांडतं. नळी साफ केली की काम झालं. गढूळ, वाळूचे कण असलेलं पाणी चाकांकडून, खालून येतं. आणि स्वच्छ पण धुळकट डाग सोडणारं पाणी वरून, पावसाचं.

मित्राच्या मॅटखाली पिवळसर धुळीची रेघ होती. वाळू नव्हती. म्हणजे पाणी वरून होतं, आणि पोटाला मारलेल्या लेपाचा गळतीशी काही संबंध नव्हता. निदान पाणी आत येण्याशी नव्हता. बाहेर जाण्याशी होता, ते पुढं येतं.

दुसरा प्रश्न, कधी. उभ्या गाडीत येतं की चालत्या? गाडी वेगात असते तेव्हा पुढच्या काचेच्या तळाशी हवेचा दाब वाढतो. उभ्या गाडीत जिथून थेंब शिरत नाही, तिथून चालत्या गाडीत पाणी दाबून आत ढकललं जातं. मित्राला विचारलं तर म्हणाला, रात्रभर पावसात उभी असली की मधली मॅट ओली होते, आणि पावसात चालवली तर माझ्या शेजारच्या सीटचे पायही ओले होतात. म्हणजे गळत्या दोन. एक उभ्याची, एक चालण्याची. तो एकच समजून भांडत होता, म्हणून एकही हाती लागत नव्हती.

तिसरा प्रश्न, गाडी कशी उभी. त्याच्या घरी गेलो तेव्हा हे कळलं. त्याच्या अंगणाला उतार आहे. गाडी रोज एकाच जागी उभी राहते आणि पुढच्या डाव्या कोपऱ्याकडे कललेली असते. गॅरेजची फरशी मात्र सपाट. सपाट जागी पाणी मारलं की ते वेगळ्या वाटेनं जायचं, मॅट कोरडी राहायची, आणि “आता गळत नाही” म्हणून गाडी परत मिळायची. मी माझ्याकडे मागच्या उजव्या बाजूला जॅक लावून गाडी तेवढीच कलती केली. रुग्ण ज्या कुशीवर झोपतो त्याच कुशीवर तपासावा लागतो.

मग शोधायला सुरुवात केली. ही पद्धत घरी कुणालाही करता येईल म्हणून सविस्तर सांगतो.

आधी आतलं सगळं काढायचं. सीट, मॅट, मॅटखालचं फेल्ट. ते फेल्ट म्हणजे पाणी पिऊन बसलेला स्पंज असतो, वास त्याचाच. वरून मॅट वाळली तरी ते आठ-आठ दिवस ओलं राहतं आणि पत्रा कुजवतं. ऊन दाखवून गाडी दोन दिवस पूर्ण कोरडी केली. ओल्या गाडीत गळती शोधणं म्हणजे भिजलेल्या कागदावर शाईचा डाग शोधणं. कोरड्या पत्र्यावर जुने वर्तमानपत्र पसरायचे. त्यावर थेंब पडला की गोल डाग उमटतो आणि कुठून कुठं गेला तेही दिसतं.

मग एक माणूस आत बॅटरी घेऊन आणि एक बाहेर पाइप घेऊन. पाइपला तोटी लावायची नाही, अंगठा दाबून फवारा मारायचा नाही, आणि प्रेशरचं वॉशिंग तर मुळीच नाही. त्या दाबानं चांगल्या गाडीतही पाणी शिरतं. पावसासारखं सावकाश, ओघळतं पाणी सोडायचं. आणि महत्त्वाचं म्हणजे सुरुवात खालून करायची. आधी फक्त उंबरा, पाच मिनिटं. मग दरवाज्याचा खालचा भाग, मग काचेची कड, आणि छत सगळ्यात शेवटी. वरून सुरुवात केली तर पाणी एकाच वेळी सगळ्या फटींवरून वाहतं आणि कुठली फट चोर हे कळतच नाही. खालून चढत गेलं की ज्या पायरीवर आतला माणूस “आलं!” म्हणून ओरडतो, ती पायरी चोराची. तिथं खडूनं खूण करायची आणि पुन्हा एकदा करून खात्री करायची.

आम्ही उंबऱ्यावर पाणी सोडलं. कोरडं. दरवाज्यावर सोडलं. आत कोरडं, पण दरवाजा हलवला तर आतून डबडब आवाज, घागरीसारखा! आता हे नीट ऐका, कारण पुष्कळ लोकांना माहीत नसतं. दरवाज्याच्या काचेशेजारून थोडं पाणी दरवाज्याच्या पोटात जातंच. ते जाणारच हे धरून गाडी बनवलेली असते. म्हणून दरवाज्याच्या तळाला बारीक लांबट भोकं ठेवलेली असतात, त्यातून ते बाहेर पडतं. तशीच भोकं उंबऱ्यात असतात. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत धूळ उडते, ती या भोकांत बसते आणि पहिल्या पावसात तिचा चिखल होऊन बूच बसतं. या गाडीत तर धुळीवर डांबरी लेपाचाही थर होता. लेप मारणाऱ्यानं भोकं गळकी समजून बुजवली होती. आत येणारी वाट तशीच, बाहेर जाणारी बंद. म्हणून पाणी वाढलं. माळवदाला माती टाकली आणि पन्हळही लिंपून टाकली, तसं झालं.

गाडीला असलेलं प्रत्येक भोक हा बिघाड नसतो. बुजवण्याआधी विचारायचं, हे पडलंय की ठेवलंय? ठेवलेलं असेल तर त्याची कड गुळगुळीत असते, ते सगळ्यात खालच्या जागी असतं, आणि दुसऱ्या बाजूच्या दरवाज्यालाही नेमकं तिथंच असतं.

आम्ही भोकं तारेनं मोकळी केली, दरवाज्यांतून लोटाभर गढूळ पाणी निघालं. तरी मूळ गळती राहिलीच होती. पाणी काचेपर्यंत चढवलं. कोरडं. मग छताच्या पन्हळीत सोडलं. चौथ्या मिनिटाला आतून आवाज आला. पण कुठं? मॅटपाशी नाही. मागच्या बाजूला, छताच्या अस्तराखालून खांबाच्या आत एक सुतासारखी धार उतरत होती. ती खांबातून खाली, तिथून उंबऱ्याच्या बाजूनं पुढं, आणि कलत्या गाडीत थेट मधल्या सीटसमोर.

अस्तर सोडवून बघितलं. छतावर दप्तरांसाठी कॅरिअर बसवलेलं होतं आणि त्याचा एक पाय पन्हळीवर आवळलेला. दप्तरांचं ओझं, रस्त्याचे हादरे, दहा वर्षं. त्या पायाखाली पन्हळीच्या सांध्यातला मसाला तडकला होता. तडा केसाएवढा, आणि ओली मॅट तिथून जवळजवळ चार फुटांवर. दरवाज्याचं रबर बदलणाऱ्याला तो दिसणार कसा?

दुसरी गळती, चालत्या गाडीची, पुढच्या काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात होती. तिथलं रबर उन्हानं दगड झालं होतं, बोटानं दाबलं तर दबत नव्हतं. बाहेरून फासलेल्या सिलिकॉननं ते झाकलं होतं, पण आत फट तशीच. झाकण काढल्यावर खाली गंज. त्या सिलिकॉनबद्दल एक सांगतो. बाथरूमसाठी मिळणाऱ्या काही सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो ॲसिटिक आम्लाचा वास. आम्ल आणि लोखंड यांचं काय होतं ते आपण प्रयोगशाळेत शिकलोय. उघड्या पत्र्यावर ते लावलं की गळती झाकली जाते आणि आत गंजाला खतपाणी मिळतं. वर त्याच्यावर पुढं रंगही धरत नाही.

दरवाज्याच्या रबरांची परीक्षा मात्र पाण्याशिवायच होते. फळ्यावरचा खडू घ्या, दरवाजा जिथं टेकतो त्या पत्र्याच्या कडेला सगळीकडून घासा आणि दरवाजा बंद करून उघडा. रबरावर खडूची रेघ सलग उमटली तर ठीक. जिथं तुटली तिथं रबर टेकत नाही. किंवा वहीच्या कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघून आली तर तिथं ढिलाई आहे. पुष्कळदा रबर चांगलं असतं, फक्त दरवाज्याचा अडकवा सरकलेला असतो. तो नीट केला की नवं रबर घ्यावं लागत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला, तिच्याकडे येतो.

फेल्ट काढल्यावर मी पत्र्यावर हातोडी वाजवून बघत होतो. आपण रेल्वेच्या गावातली माणसं. गाडी स्टेशनात थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकं वाजवत जाणारे कर्मचारी आपण लहानपणी बघितलेत. चाक चांगलं असेल तर घंटेसारखं वाजतं, तडा असेल तर आवाज मरतो. पत्र्याचंही तेच. पुढं ठणठण वाजत होतं. मधल्या सीटपाशी आल्यावर आवाज मेला. स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं तर ते पापडातून जावं तसं आरपार गेलं. आणि ती जागा सीटच्या बोल्टपासून दोन बोटांवर होती.

मी मित्राला बोलावून दाखवलं. तो खाली बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. त्या सीटवर रोज मुलं बसत होती. अचानक ब्रेक लागला असता तर सीट धरून ठेवणारा बोल्ट कुजक्या पत्र्यासकट निघून आला असता. आपण वासाची तक्रार करत होतो, दप्तरांची करत होतो, दोन मुलं गेली म्हणून हिशोब करत होतो. पाणी तेवढ्या वेळात खाली शांतपणे लोखंड खात होतं. गंजाची जात अशी की तो लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दोन पत्र्यांच्या मध्ये शिरला की फुगून सांधा उकलतो, सांधा उकलला की आणखी पाणी, आणखी गंज. सीटखालच्या वायरींच्या जोडांवरही हिरवट थर चढला होता.

म्हणून माझं सांगणं आहे की गाडीत ओली मॅट दिसली तर ती गैरसोय समजू नका, ती निरोप समजा. मॅट वाळवली म्हणजे निरोप वाचला असं होत नाही.

दुरुस्ती चार दिवस चालली. कुजलेला पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढला आणि त्याच जाडीचा नवा तुकडा वेल्ड केला. बोल्टखाली जाड पट्टी दिली. गंजावर नुसती लांबी भरून रंग मारणारे पुष्कळ आहेत. दिसायला छान दिसतं, पण पाय देऊ नये. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवली, आणि गॅसवर चालणारी गाडी असल्यामुळे सिलिंडर जाणकार माणसाकडून काढून घेतल्याशिवाय ठिणगी पाडली नाही. तुमच्या गाडीचं कुणी असं काम करत असेल तर एवढं डोळ्यांनी बघून घ्या.

पन्हळीतला जुना मसाला खरवडला, गंज घासून पत्रा पांढरा केला, प्राइमर मारला, आणि सांध्यात पॉलियुरेथेनचा सिलंट भरला. हा वाळल्यावरही लवचिक राहतो. गाडी हलते, उन्हात फुगते, थंडीत आक्रसते, म्हणून दगडासारखा कडक होणारा लेप तिथं पुन्हा तडकतो. कॅरिअरच्या पायाखाली जाड रबर दिलं आणि ओझं कमी करायला सांगितलं. पुढची काच उतरवली, कडेचा गंज काढला आणि नवं रबर घातलं. ते घालण्याची युक्ती बघण्यासारखी असते. रबराच्या खाचेत दोरी गुंडाळायची, काच बाहेरून टेकवायची, आणि आतून दोरी हळूहळू ओढत जायचं. दोरीबरोबर रबराची कड पत्र्यावर चढत जाते, परकराच्या नेफ्यात नाडी सरकावी तशी.

दुरुस्ती झाल्यावर तपासणी पुन्हा तशीच केली. तोच कल, तोच पाइप, खालून वर, दुप्पट वेळ. मग पहिल्या मोठ्या पावसात वसमतच्या रस्त्यानं चालवून आणली. वर्तमानपत्र उचललं तर कालची बातमी कोरडीच होती! फेल्ट नवं टाकलं, पण मी त्याला सांगितलं की पहिला पावसाळा ते चिकटवू नकोस. दर रविवारी उचलून हात फिरव.

गाडी भंगारात गेली नाही. दोन्ही मुलं परत आली, शिवाय एक वाढलं. पण प्रत्येक जुनी गाडी वाचवावी असं मी म्हणत नाही. गळती काढता येते, पत्राही बदलता येतो. पण तळाच्या मुख्य पट्ट्या, ज्यांच्यावर गाडी तोललेली असते, त्याच कुजल्या असतील तर मी सरळ सांगतो की हिच्यात मुलं बसवू नका. भाड्याच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेसचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ती तपासणी म्हणजे सरकारी कटकट समजू नका. पण मॅटखाली काय चाललंय हे शेवटी मालकाच्याच हाताला आधी कळतं.

घरी गेल्यावर करायची कामं पाचच आहेत. मृगाच्या आधी दरवाज्यांची आणि उंबऱ्यांची भोकं तारेनं मोकळी करा. छताची पन्हळ जुन्या दात घासायच्या ब्रशनं साफ करा आणि सांध्याला तडा आहे का बघा. रबरांवर खडू फिरवा. मॅट आणि फेल्ट उचलून पत्रा ठोकून ऐका. आणि गळलंच, तर आधी शोधा, मग बुजवा.

नातवंडं ज्या गाडीतून शाळेत जातात त्या गाडीवाल्याला, तो बहुतेक आपल्या ओळखीचाच असेल, एकदा प्रेमानं म्हणा की मॅट उचलून दाखव. त्याला राग यायचं कारण नाही. माझ्या गॅरेजवर आणलीत तर खडू आणि पाइप तयार आहे. शाळेच्या मुलांच्या गाड्यांची एवढी तपासणी मी पैसे न घेता करीन, हे आज सगळ्या गुरुजनांसमोर सांगतो, म्हणजे मागं फिरता येणार नाही.

आपण सगळ्यांनी गॅरेजवाल्याचं इतकं निवांत ऐकून घेतलंत. जेवणं व्हायची आहेत. थांबतो.